मागच्या सीटवरचं जेवण

१

दूध घालणारे सगळेच क्रांतीच्या नाकाला वचकून असत. कडेगावाबाहेर, रस्त्याला लागून, एक दूध शीतकरण केंद्र आहे. तिथल्या लॅबमध्ये ती ऐन तरुणपणी लागली आणि आता केस पिकायला लागले तरी तिथंच होती. फॅट मोजायची, दुधातलं पाणी पकडायची यंत्रं होतीच; पण कॅनचं झाकण उघडलं की यंत्राच्या आधी ती सांगून मोकळी व्हायची. हे पहाटेचं. हे काल सांजचं, सकाळच्यात मिसळलेलं. हे धार काढल्यावर उन्हात उभं राहिलेलं. कोंडीबा नावाचा एक म्हातारा तर कॅन उतरवतानाच हात जोडायचा.

"बाई, यंत्राला लावा, नाकाला नगा."

तिचं गणित साधं होतं. वास म्हणजे वेळ. पदार्थ निवतो, आंबतो, नासतो आणि वास त्याच्याबरोबर पुढं पुढं सरकतो. उलटा मागं आलेला वास तिनं आजवर पाहिला नव्हता.

म्हणून गाडीतल्या वासाचं तिला भय वाटलं नाही. किळस आली, पण ती वेगळी गोष्ट.

२

वीरधवल, तिचा नवरा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. पाटणजवळ त्याच्या बहिणीचं, राजनंदिनीचं गाव. तिथल्या जत्रेचं जेवण करून तो एकटाच गाडीनं परत निघाला होता. क्रांती सासूपाशी थांबली होती. राजनंदिनीनं वहिनीसाठी म्हणून स्टीलच्या किटलीत मटणाचा रस्सा भरून दिला. वीरधवलनं किटली मागच्या सीटवर ठेवून तिला माणसासारखा पट्टा बांधला.

कऱ्हाड ओलांडल्यावर उसाच्या फडाकडेला गाडी उभी सापडली. छातीत कळ आल्यावरसुद्धा त्यानं गाडी रस्त्याच्या खाली नीट घेतली होती, हॅंडब्रेक ओढला होता, इंडिकेटर लावला होता. दुसऱ्याची वाट अडवायची नाही, असा त्याचा स्वभाव. मागचं डावं दार तेवढं उघडं होतं. कुणी तरी मदतीला म्हणून उघडलं असेल, असं सगळे म्हणाले. किटली आडवी झाली होती आणि पट्टा सुटलेला होता.

मग गाडी काचा बंद करून ठाण्याच्या आवारात उन्हात राहिली. त्या दिवसांत किटलीची आठवण कुणाला होणार? दिवसपाणी झालं, पाहुणे गेले, आणि क्रांतीनं गाडीचं दार उघडलं तेव्हा दोन पावलं मागं सरून तिनं पदर नाकाला लावला.

लेकाचा, शिवतेजचा, लेहहून फोन आला. "मम्मी, विकून टाक ती गाडी. दुसरी घेऊ."

"गाडीनं काय केलंय?" क्रांती म्हणाली. "रस्सा सांडलाय. धुतला की जाईल."

आणि गाडी लागणारच होती. सासू बनुबाई डायलिसिसवर होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला सांगलीला न्यावं लागे. विटा, तासगाव, सांगली आणि परत. येताना म्हातारीत बसायचंही त्राण नसे, ती मागच्या सीटवर आडवी होई. वीरधवल होता तेव्हा ही त्याची ड्युटी होती. आता क्रांतीची.

३

धुण्यातलं तिला कळत होतं. दुधाचा कॅन आधी गार पाण्यानं विसळायचा, गरम मागून; आधीच गरम ओतलं तर दूध पत्र्याला भाजून बसतं. तेच तिनं सीटला लावलं. गार पाणी, सुती फडकं, चोळायचं नाही, टिपायचं. पायपुसण्या काढून उन्हात टाकल्या. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून धुतला, कारण पट्टाही रस्सा पिऊन बसला होता. एवढं करूनही भागेना तेव्हा तिनं गाडी कृष्णातच्या वॉशिंग सेंटरवर नेली. कृष्णात वीरधवलचा वर्गमित्र, जिभेनं मोकळा.

त्यानं मागचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"वैनी, ह्यो वास न्हाई. ह्यो भाडेकरू हाय. निवांत बसलाय गडी."

"मग काढ त्याला बाहेर. तुझं कामच ते."

"काढतो की. कोर्टात न जाता काढतो."

दुपारी त्याचा फोन आला आणि ती गेली तेव्हा कृष्णातच्या तोंडावरची मस्करी उतरली होती. मागची सीट उचकटून त्यानं बाहेर ठेवली होती. खालच्या पत्र्यावर फडकं पसरून त्यावर नळ्या मांडल्या होत्या. रश्श्यातल्या, मटणाच्या.

"फटीत गेल्या असतील," क्रांती म्हणाली.

"फटीतच घावल्या. पर बघा की."

तिनं एक उचलली. नळी आरपार मोकळी होती. वर ना मांसाचा धागा, ना आत मगज. पांढरी, कोरडी, चोखून चोखून गुळगुळीत झालेली.

"उंदीर शिरला असेल."

"उंदीर कुरतडतंय, वैनी. चोखत न्हाई."

वीरधवलनं चोखल्या असतील का? तो गाडीत खात नसे. शेंगदाणासुद्धा नाही. एकदा तासगावच्या द्राक्षांची पेटी आणताना शिवतेजनं मागं बसून दोन मणी तोंडात टाकले, तर यानं गाडी थांबवून पोराला खाली उतरवलं होतं. "खायचं तर खाली उभा राहून खा. हे वाहन हाय, खानावळ न्हाई."

"मुंग्या," क्रांती म्हणाली. नळ्या तिनं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या आणि हात धुतले.

४

कृष्णातनं फोम धुतला, वाळवला. एसीची जाळी नवी घातली. क्रांतीनं सीटवर खायचा सोडा थापून रात्रभर ठेवला आणि सकाळी तो ओढून काढला. मग दार उघडून उभी राहिली.

कुजका वास गेला होता.

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण नाकानं काम सोडलं नव्हतं. ती वाकली. सीटच्या जवळ वास होताच. पण कुजका नव्हे. शिळा. कालचा रस्सा झाकून ठेवावा, वर चरबीचं कवच धरावं आणि सकाळी झाकण काढावं, तसा.

वरचा थर गेला असेल, तिनं मनाशी म्हटलं. फोमच्या पोटात ऊन पोचलं नसेल, तिथला थर कमी नासला असेल. हे पटण्यासारखं होतं. तिनं पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून फवारला, चारी दारं उघडून गाडी उन्हात लावली.

दुसऱ्या दिवशी चरबीचा वास गेला होता. आता रस्सा सकाळचा होता, दुपारपर्यंत टिकलेला. त्यात कोथिंबीर कळत होती.

क्रांतीनं बादली भरली आणि परत सोडा कालवला.

५

त्या मंगळवारी परतीच्या वाटेवर बनुबाई नेहमीप्रमाणं मागं आडवी होती. तासगाव मागं पडलं होतं, द्राक्षबागांच्या तारा उन्हात चकाकत होत्या. क्रांतीला मागून आवाज आला. मचक. मचक. जीभ टाळ्याला लागल्याचा.

"आत्या, पाणी पायजे का?" सासूला ती आत्या म्हणे. "घोटभरच हं. मोजून सांगितलंय डॉक्टरांनी."

"नगं. झालं."

आवाज थांबला. आरशात म्हातारीचे पांढरे केस आणि मिटलेले डोळे दिसले.

घरी क्रांतीनं तिच्यापुढं ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, पाणी काढून परत शिजवलेली भाजी, मीठ नावाला. बनुबाईनं ताट सरकवलं.

"मी जेवले की."

"कुठं जेवलासा?"

"गाडीत." म्हातारी तृप्त होती. "लय चवीचं हुतं गं. आता तू जेव."

डायलिसिसनंतर म्हातारी कधी कधी बरळते. क्रांतीनं तिचे हात पुसायला ओलं फडकं घेतलं. उजव्या हाताची बोटं पुसताना फडक्यावर पिवळा डाग उठला. कडेला तांबडा तेलाचा तवंग.

शुक्रवारी सांगलीत म्हातारीला काट्यावर उभं केलं तेव्हा सिस्टरनं कपाळाला हात लावला. डॉक्टर क्रांतीला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगात पाणी किती चढलंय बघा. पोटॅशियम बघा. काय खायला घालताय? रस्सा-बिस्सा?"

"काही नाही घालत."

"मग कुणी तरी घालतंय. अशीच आणखी दोन-चार जेवणं झाली तर हृदय थांबेल. मागनं मला विचारू नका."

मशीन सुरू झालं. क्रांती बाहेर बाकावर बसली. वीरधवल घरात मीठ स्वतः वाढायचा. चिमूट घ्यायचा आणि त्यातलंही निम्मं बरणीत परत टाकायचा. म्हातारी शिव्या द्यायची, "मेल्या, आईला अळणी मारतुस!" तो हसून म्हणायचा, "मारत न्हाई म्हणून तर अळणी."

त्यानं हातानं राखलेली म्हातारी आता क्रांतीच्या ओंजळीत होती. आणि गाडीत बसून कुणी तरी तिला घासाघासानं नेत होतं.

हे वाक्य मनात आलं तशी ती बाकावरून उठली आणि उगाच पाणी पिऊन आली.

६

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा क्रांतीनं नुसतं वासाबद्दल सांगितलं.

"मी कोळसा ठेवला हुता गं," राजनंदिनी रडवेल्या आवाजात म्हणाली. "झाकणावर, माझ्या हातानं. मटण शिवेबाहेर न्यायचं तर ठेवत्यातच. ह्यो नुसता हसला. दर बारीला हसायचा आन् शीव ओलांडली की काचंतनं फेकून द्यायचा."

"ताई, कोळशानं काय होतंय?"

"मला काय म्हाईत! पर वासाला लागून येणारं मागं लागत न्हाई म्हणत्यात."

क्रांतीनं फोन ठेवला. तिलाही कोळसा ठाऊक होता. लॅबमधल्या फ्रिजमध्ये ती स्वतः ठेवायची. कोळसा वास ओढतो. एवढंच. वन्सं काय म्हणतात त्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तिनं ताटलीत कोळसे भरले, मागच्या सीटवर ठेवले, काचा लावल्या, कुलूप घातलं, किल्ली उशाखाली घेतली.

सकाळी ताटली सीटवर होती. रिकामी. कोळसे अंगणात पडले होते, मागच्या डाव्या दाराखाली. गाडीला कुलूप तसंच, काचा तशाच.

आणि आत रस्सा नुकता उतरलेला होता. तर्रीवर भाजल्या खोबऱ्याचा वास तरंगत होता. क्रांतीच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्याची तिला इतकी चीड आली, की ती अंगणातच थुंकली.

७

पुढच्या खेपेला तिनं गावातल्या नाथाजीची जीप सांगितली. म्हातारीला त्यात घालून नेलं, आणलं. कुठं वास नाही, आवाज नाही. वाटेत म्हातारी एक शब्द बोलली नाही. जीप दारात थांबली, क्रांती घराचं कुलूप काढायला गेली, आणि वळून बघते तो बनुबाई जीपमध्ये नव्हती.

डायलिसिस करून आलेली म्हातारी, जिला दोघांनी धरल्याशिवाय उंबरा चढता येत नाही, अंगण ओलांडून गेली होती आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती. दार बंद होतं. काचेवर आतून वाफ धरली होती, गरम भात वाढलेल्या ताटाभोवती धरते तशी.

क्रांतीनं दार ओढलं. म्हातारीनं तोंड पुसलं, चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखं.

"कोण वाढतंय तुमाला, आत्या?"

"वीरूच की गं." बनुबाई तिच्याकडं कीव आल्यासारखं बघत होती. "दुसरं कोण वाढंल मला? म्हणतोय, आये, लय दिस अळणी खाल्लंस. आता पोटभर जेव आन् चल."

"कुठं चल?"

म्हातारीला ते ठाऊक नव्हतं. तिला ते महत्त्वाचंही वाटत नव्हतं.

जीपच्या दाराला टेकून नाथाजी हे बघत होता. तो भाड्यासाठीही थांबला नाही. "मागनं बघू वैनी," म्हणत त्यानं जीप वळवली.

८

त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, क्रांती जाऊन मागच्या सीटवर बसली. दार तिनंच लावून घेतलं.

आत ऊब होती. मसाल्याचा वास इतका ताजा, की पळीचा आवाज तेवढा यायचा राहिला होता. वेळ मागं आली होती, अगदी पाटणच्या चुलीपर्यंत. रस्सा किटलीत भरतायत, वीरधवल हात धुऊन बाहेर उभा आहे, बहिणीची थट्टा करतोय, अजून निघालेला नाही. निघालेला नाही. तिनं डोळे मिटले. शेजारी सीट खचली. अंगाला अंग लागेल इतक्या जवळ कुणी बसलं होतं आणि त्याच्या कपड्यांना इस्त्रीचा, बूटपॉलिशचा वास होता.

"क्रांते," आवाज आला. त्याचाच. "बस की. जेव."

तिला बसायचं होतं. हे ती पुढं कुणालाही सांगणार नव्हती, पण तिला फार बसायचं होतं. हात सीटवर चाचपू लागला, आणि कसलासा चिकट ओलावा बोटांना लागला.

तिनं हात मागं घेतला.

ज्यानं लेकाला दोन द्राक्षांसाठी भर रस्त्यात खाली उतरवलं, तो माणूस गाडीत जेवायला बस म्हणतोय? चिमटीतलं निम्मं मीठ बरणीत परत टाकणारा आईला रस्सा ओरपायला घालतोय? कोळसा तो फेकायचा खरा. पण आपल्या बाजूनं, उजव्या काचेतून, शीळ घालत. डाव्या दाराखाली कोळसे टाकणारा दुसराच कुणी होता. गाडी कडेला लागल्यावर जो डाव्या दारानं आत शिरला आणि पुढच्या सीटवर माणूस जीव सोडत असताना नळ्या चोखत बसला, तो.

त्याला आवाज सापडला होता. वास सापडला होता. माणूस सापडला नव्हता.

"माझा नवरा गाडीत जेवत नव्हता," क्रांती मोठ्यांदा म्हणाली. शब्द एकही गळाला नाही. "तू कोण असशील तो अस. गाडी माझी हाय. म्हातारी माझी हाय. उतर खाली."

शेजारची सीट खचलेलीच राहिली. ती दार उघडून बाहेर आली आणि ते आपटून लावलं.

९

शुक्रवारी सकाळी कृष्णात पान्हे घेऊन आला. त्यानं काही विचारलं नाही. नाथाजीनं गावभर सांगितलंच असणार. मागची सीट त्यानं बुडापाठीसकट काढली, पट्टे काढले, गालिचा खरवडून काढला. मागं नुसता रंगवलेला पत्रा राहिला.

"घरी ठिवू का सीट?"

"जाळ."

"वैनी," तो पान्हे गोळा करत म्हणाला, "माझी गाडी न्या. आमची मंडळी येईल संगं."

"मग हा इथं अंगणात बसून राहील. म्हातारी परत जाऊन बसंल त्याच्याजवळ. किती दिवस राखू? त्याच्यादेखतच नेणार हाय मी तिला. ज्याला गाडीत बसायचंय त्यानं माझं चालवणं बघायचं."

"सुभेदार बरा हुता म्हणायचा तुमच्यापरीस," कृष्णात म्हणाला, आणि दोघंही, का कोण जाणे, हसले.

तिनं बनुबाईला पुढं, आपल्या डाव्या हाताला बसवलं, पट्टा बांधला. आरसा वर फिरवून छताला लावला. बघितलं की त्याचं असणं मान्य केल्यासारखं होतं, आणि तिला काहीही मान्य करायचं नव्हतं.

विट्यापर्यंत काही झालं नाही. पुढं घाटाच्या उतारावर मागून किटलीचा आवाज आला. मोकळ्या पत्र्यावर स्टील सरकल्याचा. मग झाकण निघालं. गाडी वासानं भरली आणि पुढची काच आतून धूसर झाली. क्रांतीनं आपल्या बाजूची काच खाली केली, पदराच्या टोकानं समोरची वाफ पुसली, गाडी तिसऱ्यात घातली.

बेदाण्याच्या शेडवरच्या जाळ्या वाऱ्यानं हलत होत्या. उसाचा ट्रॅक्टर समोरून गेला, ड्रायव्हरनं मोठ्यानं गाणं लावलं होतं. दिवस लख्ख होता.

बनुबाईनं मान मागं वळवली आणि तोंड उघडलं.

दोन सीटांच्या मधून हात पुढं आला. क्रांतीला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून, मनगटापर्यंतच दिसला. मनगटावर वीरधवलचं स्टीलचं कडं होतं. अंगठ्यावर वीरधवलचा व्रण होता. बोटांमध्ये रश्श्यात चुरलेल्या भाकरीचा घास होता, कोपरापर्यंत ओघळ येईल इतका भरलेला. आणि सगळ्या नखांत कोळशाचं काळं होतं.

क्रांतीनं गिअरवरचा डावा हात उचलला आणि म्हातारीच्या उघड्या तोंडावर दाबून धरला.

घास तिच्या हाताच्या पाठीवर येऊन टेकला. तो उकळता होता. तिच्या तोंडून आवाज निघाला, पण हात हलला नाही. बोटं जोर लावत होती, सवयीनं, जवळजवळ मायेनं, आजाऱ्याला भरवतात तशी. तळव्याखाली म्हातारी धडपडत होती, चावत होती. समोर गतिरोधक आला. गिअर बदलायला हात मोकळा नव्हता. गाडी तिसऱ्यातच चढली, इंजिन गुदमरलं, सगळी गाडी खडखडली. बंद पडते का काय असं वाटलं, आणि तशीच रखडत पुढं निघाली.

"दाब," क्रांती दातांवर दात ठेवून म्हणाली. "दाब अजून. हा डावा हात हाय. ह्या हातानं आमच्यात कुणी घास देत न्हाई आन् घेत न्हाई. बस इथंच उपाशी."

सांगलीपर्यंत तिनं हात काढला नाही.

१०

सिस्टरनं बनुबाईला काट्यावर घेतलं आणि आकडा बघून मान डोलावली. मग तिचं लक्ष क्रांतीच्या हाताकडं गेलं. पाठीवर लिंबाएवढा फोड, भोवती लाल.

"अगंबाई! हे काय झालं?"

"रस्सा सांडला."

"गाडी चालवताना?"

"हो."

सिस्टरनं मलम लावून पट्टी बांधली. बनुबाई खाटेवरून सुनेकडं रागानं बघत होती. "भुकेली हाय मी," ती म्हणाली. "पोरगं वाढत हुतं, तू धरून ठेवलंस. वैरीण हायस."

"व्हय आत्या. वैरीण. घरी गेल्यावर भाकरी देते."

"अळणी?"

"अळणी."

परत येताना मागं पत्र्यावर काही वाजलं नाही. पण गाडी, दोघीच होत्या त्या मानानं, जड चालत होती.

घरी पोचल्यावर क्रांतीनं पट्टी नाकाशी नेली. मलमाच्या खाली तो होताच, ताजा, नुकता उतरलेला. तिनं साबण घेतला नाही, सोडा घेतला नाही, व्हिनेगर घेतलं नाही. उजव्या हातानं भाकरी थापली, म्हातारीला बळंबळं दोन घास भरवले आणि शिव्या खाल्ल्या. उरलेलं स्वतः जेवली. डावा हात तेवढा वेळ मांडीवर उपडा ठेवला होता. पट्टीखाली काहीतरी सारखं ठसठसत होतं, दर घासाला.

सोमवारी लॅबमध्ये कोंडीबानं पट्टी बघितली. "बाई, हाताला काय?"

"भाडेकरू."

तो हसला, कळलं नव्हतं तरी. तो गेल्यावर तिनं हात परत नाकाशी नेला. डोळे मिटून, दुधाच्या नमुन्याला लावायची तसं, शांतपणे नाक लावलं.

कोथिंबीर गेली होती. खोबऱ्याचा वास उतरला होता. त्याच्या खाली बारीकसा, अगदी बारीकसा, शिळेपणा लागत होता. वास परत पुढं सरकायला लागला होता.

उद्या मंगळवार होता. सांगली होती. क्रांतीनं कॅनचं झाकण लावलं, एप्रनच्या खिशातली गाडीची किल्ली काढली आणि डाव्या मुठीत घट्ट धरली.